आवाजाला लगाम : कंप्रेसर आणि लिमिटर

लग्नसराई आणि जलशांचा हंगाम आला की आपल्या मोहल्ल्यांतील शेकडो तरुणांच्या रोजीचे दिवस येतात. कोणी मंडप टाकतो, कोणी लायटिंग करतो, कोणी साऊंड सर्व्हिस चालवतो. यातील साऊंडवाल्याचे भांडवल सर्वांत नाजूक असते. मंडपाचे कापड फाटले तर शिवता येते, बांबू मोडला तर बदलता येतो. पण स्पीकरची कॉइल जळायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. हंगाम संपल्यावर हिशोब मांडावा तर कमाईचा मोठा हिस्सा कॉइल भरण्यात आणि पडदे बदलण्यात गेलेला दिसतो. हे नुकसान नशिबाचे नाही. ते टाळता येते आणि टाळण्याचे साधन काही हजार रुपयांत मिळते. त्या साधनाची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे.

मी कापडाचा व्यापारी. आवाजाच्या धंद्याशी माझा संबंध इतकाच की भाच्याच्या साऊंड सर्व्हिसमध्ये माझे थोडे भांडवल आहे. काही वर्षांपूर्वी एका जलशात ते भांडवल जळताना मी समोर बसून पाहिले. पहिले वक्ते बुजुर्ग आलिम होते. आवाज कोमल, माईकपासून वीतभर दूर बसून बोलत होते. मागून लोक ओरडू लागले, "आवाज वाढवा!" भाच्याने बटण फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेले. त्यानंतरचे वक्ते तरुण. त्यांनी माईक हातात घेतला, ओठांना लावला आणि पहिल्याच वाक्याला गरजले. भोंगे फाटक्या आवाजात किंचाळले. दहा मिनिटांत चारांपैकी तीन भोंगे मुके झाले. कार्यक्रम आटोपला, भाडे अर्धेच मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तीन युनिट पिशवीत घालून मिस्त्रीकडे गेलो. त्याने युनिट उघडून काळी पडलेली कॉइल दाखवली आणि म्हणाला, "सेठ, माल खराब नाही. घोडा दिला, लगाम नाही दिला."

त्या एका वाक्याने मला या विषयाचा अभ्यास करायला लावले. लगाम म्हणजे काय, हे मी समजलो तसे वाचकांसमोर ठेवतो.

आवाजाची चढउतार

आवाज मोजण्याचे माप डेसिबल. हे माप गजासारखे किंवा किलोसारखे सरळ चालत नाही. दहा मीटर कापडात आणखी दहा मीटर मिळवले की वीस होतात. डेसिबलमध्ये तसे होत नाही. ३ डेसिबल वाढले की शक्ती दुप्पट होते. १० वाढले की दहापट. २० वाढले की शंभरपट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. म्हणजे आवाज कानाला दुप्पट हवा असेल तर ॲम्प्लिफायरने दहापट वॉट द्यावे लागतात. १०० वॉटचा ॲम्प्लिफायर विकून २०० वॉटचा आणणाऱ्या दुकानदार भावांनी हे लक्षात ठेवावे. पैसे दुप्पट जातात, फरक पडतो अवघ्या ३ डेसिबलचा.

आता मानवी आवाज पाहा. एक मीटरवरून साधे बोलणे साधारण ६० डेसिबल भरते. तोच माणूस जोशात येऊन ओरडला तर ८० च्या पुढे जातो. फरक २० डेसिबल, म्हणजे शक्तीत शंभरपट. हळू बोलण्याला ॲम्प्लिफायर एक वॉट देत असेल, तर ओरडण्याला त्याच बटणावर त्याला शंभर वॉट द्यावे लागतील. त्यात माईकच्या अंतराची भर पडते. तोंड आणि माईक यांतील अंतर निम्मे झाले की साधारण ६ डेसिबल वाढतात. २० सेंटिमीटरवरचा माईक ५ सेंटिमीटरवर आला म्हणजे अंतर दोनदा निम्मे झाले. वाढ १२ डेसिबल, शक्ती सोळापट. आमच्या जलशात हे दोन्ही एकदम झाले आणि वर बटणही शेवटपर्यंत गेलेले होते.

सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांतील या अंतराला इंग्रजी जाणकार डायनॅमिक रेंज म्हणतात. आपण चढउतार म्हणू. चढउतार हा आवाजाचा जीव आहे. ती पुरती काढून टाकली तर खुतबा आणि रेल्वे स्टेशनची घोषणा यांत फरक उरणार नाही. पण ती मोकळी सोडली तर हळू शब्द मागच्या सफेपर्यंत पोहोचत नाही आणि मोठा शब्द स्पीकर फाडतो.

बीमचे वजन

यंत्रमाग पाहिलेल्या माणसाला कंप्रेसर समजणे अवघड नाही. साध्या मागावर ताण्याच्या बीमला साखळी गुंडाळून वजन टांगलेले असते. कापड पुढे ओढले जाते तसा ताण्याचा ताण वाढतो. ताण एका हद्दीपर्यंत गेला की साखळीची पकड सुटते, बीम थोडा फिरतो आणि सूत सोडतो. वजन कमी टांगले तर ताणा सैल पडून कापड बिघडते. जास्त टांगले तर धागे तुटतात. कारागीर दिवसभर बीमजवळ उभा राहून हाताने सूत सोडत नाही; हद्द एकदा ठरवली की ते काम वजन करते.

साऊंडच्या मशीनवर पूर्वी हे काम माणसाचा हात करी, आणि आजही बहुतेक ठिकाणी हातच करतो. वक्ता हळू झाला की बटण वर, गरजला की खाली. पण हात कानाच्या मागे असतो. मोठा शब्द ऐकू आल्यावरच हात हलतो, तोवर तो शब्द स्पीकरपर्यंत पोहोचलेला असतो. जुने कसलेले गायक चढ्या सुराला तोंड माईकपासून मागे घेत आणि हळू सुराला जवळ आणत. ते स्वतःच स्वतःचे कंप्रेसर होते. प्रत्येक वक्त्याकडून ही अपेक्षा करता येत नाही.

कंप्रेसर म्हणजे बटणावर बसवलेला असा हात, जो सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात हलतो आणि कधी चहा प्यायला जात नाही.

कंप्रेसरची पाच बटणे

नवीन मुले या यंत्राला घाबरतात ती त्यावरच्या पाच बटणांमुळे. एकेक पाहू.

पहिले थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. आवाज या उंबरठ्याच्या आत आहे तोवर यंत्र त्याला हात लावत नाही. उंबरठा ओलांडला की काम सुरू.

दुसरे रेशो, म्हणजे प्रमाण. उंबरठा ओलांडलेल्या आवाजाला किती पुढे जाऊ द्यायचे ते हे ठरवते. उदाहरण घ्या. उंबरठा उणे २० डेसिबलवर ठेवला आणि रेशो ४ ला १ ठेवला. आत आलेला आवाज उणे ८ डेसिबल आहे, म्हणजे उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर. चारास एक या हिशोबाने बाहेर तो उंबरठ्याच्या फक्त ३ डेसिबल वर जाईल, म्हणजे उणे १७ वर. मधले ९ डेसिबल यंत्राने दाबले. यंत्रावरचे गेन रिडक्शनचे दिवे हाच आकडा दाखवतात.

तिसरे अटॅक. उंबरठा ओलांडल्यावर किती वेळात दाबायचे ते. बोलण्यासाठी ५ ते १० मिलिसेकंद ठीक. फार जलद ठेवले तर अक्षरांची धार जाते, शब्द बोथट होतात. फार सावकाश ठेवले तर दणका निसटून जातो.

चौथे रिलीज. आवाज खाली आल्यावर किती वेळात मोकळे सोडायचे ते. बोलण्यासाठी १०० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी. रिलीज फार कमी ठेवले की दोन शब्दांच्या मध्ये पंख्याची घरघर आणि लोकांचा गलका उसळून वर येतो, पुन्हा शब्द आला की दबतो. दम लागलेल्या माणसासारखा आवाज येतो. खालच्या सुरात आणखी एक दोष उद्भवतो. ५० हर्ट्झच्या ढोलाची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. रिलीज त्याहून कमी असेल तर यंत्र आवाज सोडून लाटेच्याच मागे धावते आणि लाट वेडीवाकडी करते.

पाचवे मेक-अप गेन. वरचे दाबल्यावर एकूण आवाज खाली येतो, तो या बटणाने वर आणतात. आता हळू शब्दही वर येतो आणि मागच्या सफेला ऐकू जातो. कंप्रेसर मोठा आवाज वाढवत नाही. मोठ्याला दाबून लहानाला जागा करून देतो.

लिमिटर : दरवाजाची कडी

लिमिटर हा कंप्रेसरचाच कडक भाऊ. रेशो १० ला १ किंवा त्याहून जास्त झाला की त्याला लिमिटर म्हणतात. पूर्ण कडक लिमिटरमध्ये उंबरठ्याच्या वर काहीच जात नाही. त्याचा अटॅक मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. कंप्रेसर हा समजूतदार मुनीम आहे, जो खर्च आटोक्यात ठेवतो. लिमिटर ही तिजोरीची कडी आहे. रोजचे काम मुनीमाचे. कडी फक्त वेळप्रसंगी लागावी. जो साऊंडवाला लिमिटरवरच सारा कार्यक्रम चालवतो, त्याचा आवाज चेपलेला येतो आणि ऐकणारा अर्ध्या तासात थकतो.

स्पीकर जळतो कसा, हे यावरून कळेल. आमचे चार भोंगे प्रत्येकी ४० वॉटचे, १०० व्होल्टच्या लाईनवर. साधे बोलणे कधी वर कधी खाली, मध्ये श्वासाची विश्रांती. शिखर ४० वॉटपर्यंत गेले तरी कॉइलला सरासरी जेमतेम काही वॉटच मिळतात आणि ती थंड राहते. पण ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ओढला की लाटेचे डोके कापले जाते. लाट गोल न राहता चौकोनी होऊ लागते. पुरती चौकोनी लाट त्याच व्होल्टेजवर गोल लाटेच्या दुप्पट शक्ती देते. म्हणजे ४० वॉटची कॉइल ८० वॉटच्या जवळ तापते, आणि विश्रांतीही मिळत नाही. इनॅमल जळते, कॉइल काळी पडते. ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा त्या वेळी सतत पेटलेला असतो. आमचाही होता. आम्ही त्याला ताकदीची निशाणी समजत होतो.

लिमिटर कुठे लावायचा याचा हिशोब साधा आहे. समजा स्पीकर २०० वॉट, ८ ओहमचा आहे. २०० गुणिले ८ म्हणजे १६००. त्याचे वर्गमूळ ४०. म्हणजे या स्पीकरला जास्तीत जास्त ४० व्होल्ट चालतील. ॲम्प्लिफायर आत आलेले व्होल्टेज ४० पट करत असेल (कॅटलॉगात हे ३२ डेसिबल असे लिहितात), तर त्याच्या तोंडाशी १ व्होल्टपेक्षा जास्त जाता कामा नये. लिमिटर १ व्होल्टवर बांधा. त्याच्या खुणांत हे साधारण अधिक २.२ डीबीयू होतात. हा हिशोब प्रत्येक स्पीकरसाठी एकदा करून पेटीवर चिकटवून ठेवावा.

एक इशारा. फक्त शिखर पकडणारा लिमिटर पडदा फाटण्यापासून वाचवतो, उष्णतेपासून पुरता वाचवत नाही. खूप दाबून सपाट केलेले संगीत शिखर न ओलांडताही सरासरी शक्ती वाढवते आणि तासाभरात कॉइल तापवते. म्हणून चांगल्या प्रोसेसरमध्ये शिखराचा आणि सरासरीचा, असे दोन लिमिटर असतात. दोन्ही बांधावेत.

हे यंत्र आले कोठून

हे यंत्र जन्मले रेडिओच्या गरजेतून. रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरला हद्दीबाहेर आवाज दिला तर आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या जागेत घुसखोरी होते. अमेरिकेत १९३० च्या दशकात यासाठी लिमिटर बनू लागले. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ११० हा १९३७ चा नमुना प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकात जिम लॉरेन्स यांच्या टेलिट्रॉनिक्स कंपनीने एलए-२ए बनवला. त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. आवाज वाढला की आत एक छोटी पट्टी उजळते. तिच्यासमोर प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर बसवलेला असतो. उजेड वाढला की तो आवाज दाबतो. आवाजाचा लगाम उजेडाच्या हाती! १९६७ मध्ये बिल पुटनम यांचा ट्रान्झिस्टरवर चालणारा ११७६ आला. त्याचा अटॅक सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याच्या घरात होता. १९७६ मध्ये डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीचा १६० आला आणि हे काम छोट्या, स्वस्त पेटीत बसू लागले. आज तेच काम एका चिपमध्ये होते आणि मध्यम किमतीच्या डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक माईकला वेगळा कंप्रेसर मिळतो. अनेक साऊंडवाल्यांच्या पेटीत तो आधीच आहे, फक्त बंद पडून आहे.

या यंत्राचा गैरवापरही झाला. टीव्हीवर मालिका चालू असताना जाहिरात आली की घरातील बाई रिमोट शोधते. जाहिरातीचे शिखर मालिकेपेक्षा उंच असतेच असे नाही. पण तिला इतके दाबून भरलेले असते की प्रत्येक क्षण शिखराजवळ असतो. कान शिखर मोजत नाही, सरासरी मोजतो. लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की युरोपच्या प्रसारण संघाने २०१० मध्ये सरासरी मोठेपणाचे माप ठरवले, आणि अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजावर कायदा करावा लागला, जो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. वजन बरोबर दाखवून मापात खोट करणे हा प्रकार आवाजाच्या बाजारातही चालतो, तो असा.

मस्जिदीचा आवाज

आता मोहल्ल्याच्या प्रश्नाकडे येऊ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, असे आकडे त्यात आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या आकड्यापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. म्हणजे निवासी मोहल्ल्यात दिवसा ६५. लेखी परवानगी लागते, ती वेगळी. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. कोणत्याही धर्माच्या स्थळी वापरल्या जाणाऱ्या ध्वनियंत्रणेत डेसिबल आपोआप हद्दीत ठेवणारी व्यवस्था आतच बसवावी, असा निर्देश देण्याचा विचार सरकारने करावा, असे न्यायालयाने सांगितले. वाचकांनी ओळखले असेलच. ही व्यवस्था म्हणजे लिमिटरच होय.

या विषयावर आपल्यात वाद खूप होतो, मोजणी कमी होते. कायद्याची बाजू वकील आणि जिम्मेदार मंडळींनी पाहावी. मी एक व्यापारी म्हणून सांगतो की मीटर समोर ठेवून बोलणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाते. ज्या मस्जिदीच्या कमिटीकडे हद्दीवर मोजलेला आकडा आहे आणि बांधलेला लिमिटर आहे, तिला पोलीस चौकीत आवाज चढवावा लागत नाही.

पण लिमिटर बसवला आणि काम झाले असे समजू नये. लिमिटर वीज मोजतो, गल्लीतला आवाज मोजत नाही. तो बांधला आणि पुढे ॲम्प्लिफायरचे बटण कोणी वाढवले, तर हद्द तिथेच मोडली. म्हणून क्रम असा ठेवावा : माईक, मिक्सर, कंप्रेसर, लिमिटर, ॲम्प्लिफायर, स्पीकर. ॲम्प्लिफायरचे बटण एकदा ठरवून त्यावर झाकण लावावे. मग मुअज्जिन साहेबांना रोजच्या आवाजात अजान द्यायला सांगावे. एकाने हद्दीवर मीटर घेऊन उभे राहावे, मीटर ए मापावर असावा, आणि दुसऱ्याने लिमिटर खाली आणत हवा तो आकडा गाठावा. मोबाईलचे ॲप अंदाजासाठी ठीक. आकडा कागदावर घ्यायचा तर खरा मीटर आणावा.

दुसरी चूक भोंग्यांच्या उंचीची. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात. एका उंच भोंग्याने दूरच्या नमाजीला पोहोचायचे तर जवळच्या शेजाऱ्याच्या कानावर मारा होतो. त्यापेक्षा मस्जिदीत कमी वॉटचे अनेक छोटे स्पीकर, प्रत्येक दोन-तीन सफांना एक, असे लावले तर आवाज हळू असूनही शब्द स्वच्छ पोहोचतो.

तिसरी गोष्ट घुमटाची. दगडी घुमटाखाली शब्द घुमतो. कंप्रेसर हा घुमणे कमी करत नाही, उलट विरामात ते वर उचलतो. मेक-अप गेन ६ डेसिबल वाढवला म्हणजे शांत क्षणी माईकही ६ डेसिबल जास्त ऐकतो, आणि शिट्टी वाजते. म्हणून मस्जिदीत रेशो ३ ला १ च्या आसपास, दाब ३ ते ६ डेसिबलच, आणि मेक-अप जेमतेम ठेवावा. घुमटाचा इलाज कालीन, पडदे आणि स्पीकरची जागा. तो कापडवाल्यांचा धंदा आहे, यंत्राचा नाही!

कानाची पुंजी

आमच्या मोहल्ल्यात आवाज वाढवण्याची मागणी नेहमी कोण करतो, हे मी काही महिने पाहिले. ते बुजुर्ग आहेत ज्यांनी तीस-तीस वर्षे यंत्रमागावर काढली. चालू मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. धोट्याच्या ठोक्यांत जवानी गेली आणि कान त्यात गेले. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबलमध्ये ८ तास, ८८ मध्ये ४ तास, ९१ मध्ये २ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. आपले कारागीर बारा-बारा तास उभे राहिले. आणि आता त्यांची मुले डीजेच्या पेटीजवळ उभी राहतात. बापाचा कान मागाने नेला, मुलाचा कान आपण भाड्याने नेतो आहोत.

अशा कानाची एक खास तक्रार असते. हळू बोलले तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोलले तर, "ओरडतोस का?" घरात यावरून भांडणे होतात. त्याचे कारण स्वभावात नसते. आतील नाजूक पेशी गेल्या की हळू आवाज हरवतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकण्याची जागा अरुंद होते. यावर कानातल्या आजच्या मशीनमध्ये काय बसवलेले असते? कंप्रेसर. हळू आवाज जास्त उचलायचा, मोठा आवाज कमी उचलायचा, म्हणजे सारे बोलणे त्या अरुंद जागेत बसते. मागच्या वर्षी मी स्वतः असे मशीन घेतले. शेडमध्ये माल तपासत मीही बरीच वर्षे काढली आहेत. पहिल्या दिवशी घरी आलो तर बेगम म्हणाल्या, "आज टीव्ही इतका हळू का?"

तेव्हा माझ्या लक्षात आले की मस्जिदीत "आवाज वाढवा" म्हणणाऱ्यांत मीही होतो. माझ्या बहिरेपणाचे बिल मी शेजाऱ्यांच्या झोपेवर फाडत होतो. आमच्या कमिटीने आता मागच्या सफेत बुजुर्गांच्या कानाजवळ दोन छोटे स्पीकर लावले आहेत. बाहेरच्या भोंग्याचे बटण पूर्वीच्या निम्म्यावर आहे, आणि तक्रार करणारे कमी झाले आहेत, आतले आणि बाहेरचेही.

साऊंडवाल्या भावांसाठी

१. नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी लिमिटर घ्या. जुन्या मिक्सर-प्रोसेसरमध्ये तो असेल तर चालू करा.

२. प्रत्येक स्पीकरचा व्होल्टचा हिशोब पेटीवर लिहा. भाड्याने दुसऱ्याचे स्पीकर आणले तर हिशोब पुन्हा करा.

३. बोलण्यासाठी ३ किंवा ४ ला १, दाब ३ ते ६ डेसिबल. दिवे सतत १० च्या वर असतील तर उंबरठा वर करा.

४. क्लिपचा लाल दिवा म्हणजे खर्चाची नोटीस. तो सतत पेटला तर मागे या.

५. गिऱ्हाईक "अजून वाढव" म्हणाले तर लिमिटर उघडू नका. स्पीकर वाढवा आणि भाडे वाढवा.

६. परवानगीचा कागद आणि मोजलेला आकडा पेटीत ठेवा. पेटीजवळ काम करणाऱ्या मुलांच्या कानात बोळे असू द्या.

आमच्या भाच्याने हे नियम पाळायला सुरुवात केल्यापासून एकही कॉइल जळालेली नाही. सुरुवातीला त्याची भीती होती, "मामू, आवाज दबला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." झाले उलटे. जलशाचे आयोजक आता त्याचे नाव घेऊन बोलावतात, कारण शेवटच्या माणसाला शब्द कळतो. फाटका आवाज कोणालाच विकत घ्यायचा नसतो. आजवर पर्याय नव्हता म्हणून लोक तो घेत होते.

कुरआन मजीदमध्ये हजरत लुकमान यांनी मुलाला आवाज नरम ठेवण्याची नसीहत केल्याचे आपण वाचतो, आणि सूरह बनी इस्राईलमध्ये नमाजीला फार उंच आणि फार हळू यांच्या मधला मार्ग सांगितला आहे. मधला मार्ग हा आपल्यासाठी नवा नाही. त्यासाठी बाजारात यंत्र मिळते आणि आपल्या मुलांच्या हातात ते चालवण्याचे हुनर आहे. एवढा एक लगाम प्रत्येक पेटीत बसला तर भांडवल वाचेल, शेजार वाचेल आणि कानही वाचतील. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.